फॉन्टनो सरांची दाढी

सन्माननीय अध्यक्षा थेरियो मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, सरांच्या सौभाग्यवती लर्लीनबाई आणि गंबोच्या रश्श्याच्या वासानं सारखे मागे वळून बघणारे माझे न्यू ऑर्लिन्सकर मित्रहो,

डॉ. अल्साइड फॉन्टनो आज आमच्या प्रयोगशाळेतून निवृत्त होत आहेत. त्यांच्या संशोधनावर मॅडम बोलतीलच. मी दाढीवर बोलतो.

छातीवर रुळणारी दाढी! तिच्याच जोरावर नऊ वर्षांपूर्वी मार्दी ग्रा सणाच्या मिरवणुकीत सरांना राजाचा मान मिळाला होता. मिरवणूक तोंडावर आली आणि इस्पितळात दीड वर्षाची कोरिन आली. ताप हटेना, वजन घटत चाललेलं. क्षय, की आणखी काही? एवढंसं पोर तपासायला थुंकी कुठून देणार? मग रक्तच घेतलं. आमचे डोळ्यांना न दिसणारे सच्छिद्र कण रक्तातून क्षयजंतूच्या प्रथिनांचे तुकडे वेचतात आणि यंत्र त्यांचं वजन करून आलेख काढतं.

आलेखात हा एवढा सुळका! "नवं प्रथिन सापडलं!" सर ओरडले. आम्ही केकसुद्धा मागवला. तो येईपर्यंत कळलं, हे तर केसांतलं प्रथिन. पण आम्ही सगळे टोप्या घालून! हळूहळू सगळ्यांच्या नजरा एकाच जागी गेल्या.

"सर, दाढीला जाळी लावा म्हटलं होतं ना?"

"कांद्याचं पोतं दिसतो रे मी त्यात!"

रक्त एकाच चाचणीपुरतं उरलं होतं, आणि त्या अशक्त पोरीकडून आणखी घेववत नव्हतं. सर उठून गेले, ते गुळगुळीत होऊनच परतले.

"अहो, जाळी चालली असती!"

"जाळीला भोकं असतात," सर म्हणाले.

लर्लीनबाई फोनवर कडाडल्या, "इतकी वर्षं मी सांगत होते, तेव्हा नाही ऐकलंस!" पुढे मिरवणुकीत राजा गर्दीकडे मण्यांच्या माळा फेकायच्या सोडून कापसाची दाढीच सावरत होता.

दुसऱ्या चाचणीत मात्र सुळका नव्हता. त्याखाली दबलेले क्षयाचे तुकडे स्वच्छ दिसले. सर स्वतः सांगायला गेले, तर कोरिनची आई म्हणाली, "तुम्ही कोण? त्या दाढीवाल्या डॉक्टरांना बोलवा."

"मीच तो, बाई. क्षय आहे. औषध आजच सुरू करू."

"पोर वाचेल ना माझी?"

मंडळी, आम्हा संशोधकांना 'अधिक अभ्यासाची गरज आहे' याखेरीज बोलता येतं का? सर म्हणाले, "वाचेल." आणि बाहेर येऊन ढसाढसा रडले.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. थट्टेत काही अधिकउणं झालं असेल, तर सरांनी पोटात घालावं. आता सरांना पुष्पगुच्छ देण्यासाठी मी पाचवीत शिकणाऱ्या कोरिनला वर बोलावतो.