मीठ फुटलेल्या रानातली चक्रवाकं

माझं नाव राजमती. माहेर तिकडं हद्दीवरचं, घरात कानडी, आईला आम्ही अव्वा म्हणायचो. लगीन होऊन आलो ते नृसिंहवाडीच्या अलीकडं ह्या गावात, काळं रान, आत माणूस गेला तर दिसू नये असा ऊस. पण पाणी पाजून पाजून खालचं तीन एकर मीठ फुटून गेलं बगा. ऊस जळाला, पाणी साचलं, कडंनं पाणकणीस माजलं, आणि माती वाळली की पांढरी फटक. आमच्या मालकांनी तिकडं जायचंच सोडलं. मी आपला म्हशीला गवत आणायला जायाचो, म्हणून मला पयलं दिसलं. थंडीत पाखरं आलती, बदकासारखी पण मोठी, अंगानं शेंदरी, जोडीजोडीनं.

लेक कोल्हापुरात शाहूपुरीत नोकरीला, तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली आई, चक्रवाक असतील, लांबनं येतात, लई बुजरी असतात. सुट्टीला आली तवा आपला जुना कॅमेरा, लांब नळीचा, माझ्याजवळच ठेवून गेली.

काय सांगू तुमास्नी, शंभर पावलांवर गेलो की उडायची. मग उजाडायच्या आधी जाऊन घोंगडं पांघरून पाणकणसात बसायला लागलो. बसायचं काय अवघड न्हवतं, आमच्या जैन बस्तीत सामायिकाच्या ध्यानाला बसायची सवय हाय, पायावरनं मुंगी गेली तरी हलत न्हाय मी. अवघड व्हता उजेड. आधी धुकं, सगळं ताकासारखं, त्यात पाखरू न्हाय पाणी न्हाय. धुकं फाटलं की सूर्य समोरनं, पाणी चकाकतंय, मीठ चकाकतंय, आणि फोटोत पाखरं काळी. महिनाभर काळीच. मालक बघून म्हणायचे, ढेकळांचे फोटो काढून आणलीस व्हय. लेक सांगायची उजेड वाढवायचं चाक जरा पुढं फिरव, फिरवलं की पाखराची पिसंच पुसून जायची. तरी मी जायाचोच.

त्यातच मालकांनी ते रान माशाच्या तळ्याला द्यायचं ठरवलं, सोमवारी खोदायचं मशीन येणार म्हणले. मी काय बोलणार, रान त्यांच्या बापानं कसलेलं, आणि ते मेलेलं बघवत न्हाय म्हणून तर ते तिकडं फिरकत न्हवते. पण जिवाला लागलं माझ्या.

शनिवारी गेलो तर सूर्यावर पातळ ढग, सावलीच पडंना, उजेड सगळीकडं सारखा. बूड भिजलेलं, बोटं गारठलेली. नर चालत चालत जवळ आला, आणि पंख उघडलं, आणि मी बटण दाबलं. पीस न् पीस दिसत व्हतं बगा, पंखातलं पांढरं, त्याच्या मागचं हिरवं, गळ्यातला काळा दोरा.

मालकांनी चष्मा पुसून बघितलं. म्हणले हे कुठलं रान. म्हणलो आपलंच की. रविवारी पहाटे निघालो तर माझ्या मागनं आले. एका घोंगड्याखाली बसलो दोघं. जन्मात कधी हळू बोलला न्हाय ह्यो माणूस, पण जोडी उतरली तशी माझा दंड धरला आणि कानाशी म्हणले, राजमती, हलू नगोस. मी कशाला हलतो.

घरी येऊन त्यांनी फोन लावला, पाखरं जाईस्तवर मशीन नगं म्हणून. उन्हाळ्यात तळं काढलं, पण निम्म्या रानात. निम्मं पाखरांना ठेवलं.

आता कोल्हापूरनं माणसं येतात, तोफेएवढाले कॅमेरे, आणि मला विचारतात, काकू, कुठं बसायचं? मी सांगतो, पावणं, गाडी रस्त्यावर सोडा, तो लाल शर्ट काढा, आणि उजाडायच्या आत बसा. ऐकतात की सगळी. माझा फोटो शाळेच्या भिंतीला लावलाय, गुरुजी पोरांना म्हणतात ह्या काकूंनी काढलाय. गुडघं कुरकुरतात, पण थंडी पडली की जातोच मी. एखाद्या साली येतील, एखाद्या साली न्हाय येणार, ते काय आपल्या हातात न्हाय. सुखानं यावीत, पोटभर चरावीत, आणि सगळीच्या सगळी माघारी पोचावीत.