समोरच्या खुर्चीवरची टोपी

इथं जमलेल्या वडीलधाऱ्यांनो, जिनिंगमधल्या नानांच्या सोबत्यांनो, गल्लीतल्या माझ्या मायबहिणींनो,

मला बोलायला जमेल की नाही, ठाऊक नाही. आत्तापर्यंत चौघं जण बोलले. नानांनी कापसाच्या जिनिंगमधली यंत्रं कशी जिवंत ठेवली, गल्लीतल्या नळासाठी किती खेटे घातले, ते सगळं खरं आहे. त्यात भर घालायला मी उभी नाही. मी त्यांची सून, मंगला. सोळा वर्षं त्यांच्या घरात आहे. त्यातली पंधरा वर्षं मी त्यांच्यासमोर एक शब्द बोलले नाही.

भांडण नव्हतं हो. रीत होती. सासरा ओट्यावर आला की सुनेनं आत जायचं, पदर पुढे ओढायचा, आवाज गिळायचा. त्यांच्यासमोर जेवणं तर दूरच. मी अमळनेरची, कॉलेजात दोन वर्षं शिकलेली, पण लग्न होऊन धुळ्याला आले आणि आपसूक तशीच वागायला लागले. आणि आज त्याच सासऱ्याच्या फोटोसमोर माईक धरून उभी आहे. पदर डोक्यावर आहे, एवढंच काय ते जुनं उरलं.

मी हॉटेलाबद्दल बोलणार आहे. शोकसभेत हॉटेलाचं काय काढलं, असं कुणाला वाटेल. वाटू द्या.

आग्रा रोडवरचं शेठजींचं हॉटेल तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. शेठजी स्वतः मागच्या रांगेत बसलेत. आता तिथं आरसे आहेत, सनमायकाची टेबलं आहेत, कोपऱ्यात रंगीत टीव्ही आहे. पण आधी कसं होतं, आठवतं ना? आतल्या बाजूला फळ्यांचं पार्टिशन, त्याला कड्या लावलेला हिरवा पडदा, वर पाटी: फॅमिली रूम. बायकामुलांनी पडद्याआड खायचं.

महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, संध्याकाळी सहाला, नाना आम्हाला तिथं न्यायचे. जिनिंगमधला साधा फिटर माणूस. सोनगीरजवळच्या खेड्यातून आलेला. त्यांच्या भाऊबंदांत कुणी घरच्या बाईला हॉटेलात नेत नव्हतं. लोक हसायचे. "नाना, घरमा चूल नही का?" असं विचारायचे. नाना म्हणायचे, "चूल शे. पण चूल महिनाभर फुंकी तं एक दिन तिलेबी सुट्टी पाहिजे." सुट्टी चुलीला म्हणायचे. पण आम्हाला कळायचं कुणाला ते.

आम्ही पडद्याआड. सासूबाई, म्हणजे आमच्या अक्का, मी, पुढे माझी वर्षा झाली तर ती. वर्षाचे पप्पा बाहेर थांबायला बघायचे, तर नाना म्हणायचे, "तू मझार बैस, तेस्ले एकलं नको सोडू." मझार म्हणजे आत. मुलाला आत धाडायचे आणि स्वतः बाहेर बसायचे. पडद्याला लागून दोन खुर्च्यांचं एक टेबल होतं. त्यावर नाना, पडद्याकडे पाठ करून. समोरची खुर्ची रिकामी. त्या खुर्चीवर ते आपली टोपी काढून ठेवायचे.

ती टोपी लक्षात ठेवा. मी नाही ठेवली.

पहिल्यांदा गेलो तेव्हा आत मी आणि अक्का दोघीच होतो. यांची ड्युटी होती. नानांनी आमच्यासाठी मसाला डोसा मागवला. मी डोसा कधी पाहिला नव्हता, त्याचा आकार बघून घाबरले. अक्कांनी तर त्याला हातच लावला नाही, शेवभाजी जवळ ओढली. बाहेरून नानांचा आवाज आला, "बठ्ठं उनं का?" सगळं आलं का? अक्कांना तेव्हापासूनच कमी ऐकू येतं. त्या आपल्या शेवभाजीत. नानांनी पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा विचारलं. मी काय करू? बोलायची सोय नाही. गप्प राहिले तर माणूस बाहेर काळजीत. मी स्टीलचा ग्लास उचलला आणि टेबलावर एकदा आपटला.

बाहेर शांत झालं. मग हळूच प्रश्न आला, "आखो काय पाहिजे?" मला चटणी हवी होती. मी ग्लास दोनदा वाजवला. मिनिटभरात वेटर आत. "काय देऊ वहिनी?"

तेव्हापासून ती आमची भाषा झाली. एकदा वाजवला म्हणजे सगळं आलं. दोनदा म्हणजे काहीतरी राहिलंय. बारा-तेरा वर्षं, दर महिन्याला. वेटर बदलले, पण नव्या वेटरला जुना वेटर आधी ते शिकवायचा. वर्षा बोलायला लागल्यावर निरोप्याचं काम तिच्याकडे जायला हवं होतं. पण तिनं उत्तर दिलं तरी नाना थांबायचे. ग्लास वाजला की मगच स्वतःचा पहिला घास घ्यायचे. हे मला वर्षानं सांगितलं. ती पडद्याच्या फटीतून बघायची.

माझं आणि नानांचं त्या सगळ्या वर्षांतलं बोलणं एवढंच. ते विचारणार, मी वाजवणार. तुम्हाला हसू येत असेल. मलाही यायचं. पण माहेरी अमळनेरला गेले आणि दुसरा रविवार आला, की संध्याकाळी सहाला माझा हात ग्लासाकडे जायचा.

मग तीन वर्षांपूर्वी हॉटेल नवीन झालं. पार्टिशन गेलं, पडदा गेला. आम्ही नेहमीसारखे निघालो, वर्षा नवा फ्रॉक घालून पुढे. नाना दारापर्यंत गेले. आत पाहिलं. सगळी माणसं एकाच मोकळ्या खोलीत, बायकासुद्धा. नाना तिथूनच मागे वळले. "चला, घर चला," एवढंच म्हणाले. वर्षा रस्ताभर रडली.

त्यानंतर आमचं हॉटेल बंद. दुसऱ्या रविवारी नाना एकटे जायचे, कडीच्या डब्यात शेवभाजी आणायचे, डबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवायचे आणि ओट्यावर जाऊन बसायचे. त्यांचं ताट मी वर्षाच्या हाती बाहेर पाठवायची. मला त्या डब्याचा राग यायचा. खोटं कशाला बोलू? मला वाटायचं, या माणसाला घरच्या बायका चारचौघांत बसलेल्या चालत नाहीत. पडदा होता तोवर यांची हौस, पडदा गेला की अब्रू आडवी आली. एकदा मी यांना तसं बोललेसुद्धा. म्हटलं, "तुमच्या वडलांना बायका डब्यातच बऱ्या वाटतात." मोठ्यानं बोलले. नाना ओट्यावर होते, दार उघडं होतं. त्यांनी ऐकलं असणार.

पुढच्या महिन्यात पुन्हा डबा आला.

गेल्या वर्षी नानांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तुम्ही पुष्कळ जण भेटायला आलात. बाहेरच्या खोलीत खाट टाकली होती, खाटेसमोर एक स्टूल. अक्कांना ऐकू येत नाही, हे दिवसभर कामावर, वर्षा शाळेत. मग नानांचं बघणार कोण? मीच. आणि ज्याला बोलता येत नाही, त्याच्यासमोर मी तोंड मिटून किती दिवस काढणार? दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी पेज भरवून झाली. मी पदर सावरला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले. म्हटलं, "नाना, बठ्ठं उनं का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांतून पाणी आलं, तोंडाच्या एका बाजूनं हसले. डावा हात सरकवत सरकवत उशाशी नेला. तिथं पाण्याचा ग्लास होता. तो उचलून खाटेच्या दांडीवर आपटला. एकदा.

आठ महिने आमचं असं चाललं. आता मी विचारायची, ते वाजवायचे. नशिबानं आमच्या जागा बदलल्या. मी खूप बोलले त्या आठ महिन्यांत. शेजारणी म्हणायच्या, मंगलाला झालंय काय? पंधरा वर्षांचं साठलेलं होतं, दुसरं काय. बाजारात भरताच्या वांग्यांचा भाव काय, वर्षाला गणितात किती मिळाले, सगळं सांगायची. फक्त एक केलं नाही. त्यांच्यासमोर जेवले नाही. त्यांना भरवायची, मग आत जाऊन भिंतीकडे तोंड करून जेवायची. बोलण्याची रीत मोडली, पण जेवणाची मोडायचं डोक्यातच आलं नाही.

आता जे सांगायला उभी राहिले, ते सांगते.

मागच्या महिन्यातला दुसरा रविवार. नानांनी सकाळपासून कोनाड्यातल्या कडीच्या डब्याकडे बोट दाखवलं. हे गेले आणि शेठजींकडून शेवभाजी घेऊन आले. मी रश्शात पोळी कुस्करली, खाटेच्या कडेला वाटी टेकवली, भरवायला लागले. नानांनी दोन घास घेतले आणि ग्लास वाजवला. दोनदा.

मी पाणी दिलं. पुन्हा दोनदा. लिंबू पिळलं. दोनदा. मीठ आणलं, उशी सारखी केली, पंखा लावला. दोनदा. मी म्हटलं, "नाना, काय राहिलं? काय आणू?" त्यांची टोपी स्टुलावर होती, नेहमी तिथंच असायची. त्यांनी डावा हात लांब केला, टोपी उचलली आणि माझ्यापुढे धरली. मग रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

आणि मी काय केलं? टोपी घेतली, झटकली आणि खुंटीला लावली. म्हटलं, "लावली बरं, नाना."

त्यांनी ग्लास बाजूला सारला. पुन्हा वाजवला नाही. चौथ्या दिवशी गेले.

मला तेव्हा काही कळलं नाही. कळलं दहाव्याच्या दिवशी, शेठजी भेटायला आले तेव्हा. शेठजी, तुम्ही जे मला सांगितलं ते मी सगळ्यांसमोर सांगते, राग मानू नका. शेठजी म्हणाले, "बेटी, त्या टेबलाची दुसरी खुर्ची नानांनी कधी कुणाला दिली नाही. रविवारची गर्दी असायची, लोक उभे असायचे. मी म्हणायचो, नाना, टोपी उचला. तर म्हणायचे, आठे जागा धरेल शे. मी विचारलं, कुणासाठी? म्हणाले, मन्ही सूनसाठी."

सुनेसाठी. माझ्यासाठी जागा धरलेली होती. मी हातभर अंतरावर, पडद्याच्या पलीकडे, ग्लास वाजवत बसले होते.

आणि हॉटेल नवीन झालं तेव्हा दुसऱ्याच दिवशी दुपारी नाना एकटे शेठजींकडे गेले होते. म्हणाले, एका कोपऱ्याला तरी पडदा लावा, तिले अवघड व्हई, ती पोटभर जेवणार नाही. शेठजी म्हणाले, मग बोलवा ना तिला समोर, आता तर पडदाही नाही, तुमची जागाही तयार आहे. त्यावर नाना काय म्हणाले? शेठजींना शब्द पाठ आहेत, मलाही आता पाठ झालेत. "मी सांगसू तं तिले बसनंच पडी. मंग त्या बसाले काय अर्थ शे?"

ते वाट बघत होते मी आपणहून येण्याची. मी वाट बघत होते त्यांनी बोलावण्याची. त्यांना वाटलं, मला पडदा हवा. मला वाटलं, त्यांना हवा. एकमेकांचा मान राखण्यात सोळा वर्षं गेली. कुणी वाईट नव्हतं हो त्यात. म्हणून तर जास्त जळतं.

मी अक्कांना कानाशी जाऊन विचारलं, तुम्हाला माहीत होतं? अक्का म्हणाल्या, "मी तरी कुठं कधी समोर बसले होते, बाई?" अक्का इथं समोर बसल्यात. त्यांना यातलं निम्मं ऐकू आलं नसेल. घरी गेल्यावर मी पुन्हा सांगेन.

कुणाला शिकवायला मी उभी नाही. ज्यांच्या घरी सुना आहेत आणि ज्या सुना आहेत, त्यांनी आपलं आपण बघावं. मी एवढंच ठरवलंय की येत्या दुसऱ्या रविवारी सहाला अक्कांना घेऊन जाईन. नानांचं टेबल होतं त्याच जागी बसेन. अक्कांना नानांच्या खुर्चीवर बसवेन आणि मी समोर. टोपी घरी खुंटीलाच राहील. शेठजी, जागा धरून ठेवा.

आता आपण दोन मिनिटं शांत उभं राहू या. त्याआधी एक काम आहे. नानांच्या उशाचा ग्लास मी पदराखाली घेऊन आले आहे. रोज मी विचारायची आणि ते वाजवायचे. आज ते विचारत असतील, "बठ्ठं उनं का?" आणि एकदा वाजवून मोकळं व्हावं, असं माझ्या मनात आलं होतं. पण नानांशी मी ग्लासानं कधी खोटं बोलले नाही. आज कशी बोलू?

नाना, दोनदा वाजवते.