एकटीचं शिबिर

मंडळी, ऐका! श्रद्धा पर्वतासारखी असावी — अचल, अढळ, आभाळाला भिडलेली! आमच्या चर्चचे पंच शांतवनराव भिंगारदिवे, त्यांची तशीच होती. पण पर्वताचं एक असतं — तो स्वतः कुठं जात नाही, आणि दुसऱ्यालाही वाट देत नाही! तर सांगा, लेकराला देवाजवळ न्यायचं, की देवालाच आपल्या खुंट्याला बांधायचं?

उन्हाळ्याची सुट्टी. पंचांची एकुलती लेक सलोमी म्हणाली, "पप्पा, शेजारची मार्थी ख्रिस्ती शिबिराला चाललीय पाचगणीला! मीपण जाऊ?"

"जा की! फक्त आपल्या विश्वासात बसणारं शिबिर शोधू."

आणि फोन सुरू! "बाप्तिस्मा पाणी शिंपडून देता की पाण्यात बुडवून?"

पलीकडचा गोंधळला. "काका, आम्ही पोहायला शिकवतो."

म्हणजे बुडवूनच! आमच्याकडे शिंपडतात! पाचगणी बाद! दुसरीकडे गीतांना ड्रम — आमच्याकडे टाळ-तबला! बाद! तिसरीकडे प्रार्थनेत टाळ्या! बाद! — हसू नका, शिलासमामा! प्रभुभोजनाला द्राक्षरसाचा प्याला एकच की वेगवेगळे, यावरून सख्ख्या भावाशी बोलणं सोडलंत तुम्ही!

मार्थीची एसटी गेली. सलोमी फाटक धरून उभी. पंच कळवळले. "रडू नको, बाळे. आपण आपल्याच अंगणात शिबिर घेऊ. अगदी आपल्या विश्वासाचं!"

मांडव पडला. सलोमीच्या आईनं, एस्तेरबाईंनी, पातेलंभर खिचडी टाकली. आणि शिबिरार्थी किती? — एक! गावची बाकीची पोरं पाचगणीला, नाहीतर पंचांच्या चाळणीतून खाली!

"वचन कोण म्हणेल?" पंचांनी विचारलं. सलोमीनं आजूबाजूला बघून बोट वर केलं. मग खेळ. "गोल करा!" — एकटीनं गोल कसा करावा, मंडळी?

शेवटी प्रार्थनाही तिचीच. "देवबापा, पप्पांच्या शिबिरात अजून कुणीतरी पाठव. बुडवलेलं असलं तरी चालेल."

पंचांच्या तोंडून आमेन निघेना.

पुढच्या उन्हाळ्यात ते स्वतःच म्हणाले, "जा बाळे पाचगणीला. ड्रम तर ड्रम."

सलोमी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. "नको पप्पा. मला आता चारचौघींत नाही जमत."

मांडवाचे बांबू अजून पडवीत आहेत. पंच ते कुणाला देत नाहीत, मोडतही नाहीत.

पंचांना हसलात, मंडळी! आता घरी जाऊन आपली सतरंजी बघा — कोण बसायचं तिच्यावर, आणि कशापायी उठवलंत त्याला?

बरं, ते राहू दे. शिलासमामा, तुमचा भाऊ मघापासून दाराशी उभा आहे. जरा सरकता का?