रिसीव्हर गार होईपर्यंत

दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक बाई उभ्या होत्या. त्यांचा नवरा गाडी लावायला गेला होता; दुकानदार त्यांच्या होम थिएटरचा रिसीव्हर तपासत होता.

“बिघाड काही नाही, ताई. रिसीव्हर आठ ओहमचा आणि स्पीकर चारचे. आवाज वाढवला की ते जास्त करंट ओढतात, मग हा तापतो आणि बंद पडतो.”

“स्पीकर सासऱ्यांचे आहेत. आमचे हे ते बदलू देणार नाहीत.”

“मग चार ओहम झेपेल असा रिसीव्हर घ्या. सिनेमा मध्येच थांबणार नाही.”

“अजिबात नाही?”

“दिवसभर चालवा की.”

“आणि हा गार व्हायला किती वेळ लागतो?”

“अर्धा तास तरी जातोच.”

“हो ना. तेवढा वेळ हे माझ्याशी बोलतात.”

दुकानदाराने रिसीव्हरचं झाकण परत बसवलं.

“आले बघा.”

“काय गं, काय म्हणाले?”

“आपल्या स्पीकरला चालेल असा रिसीव्हर मिळतच नाही म्हणाले. आहे त्यातच भागवायचं.”