मागचा दिवा लागलाय का?

...नाही, पण मला सांगा, दिवा लागलाय की गेलाय हे ज्याचं त्याला कळायला नको? घरातला बल्ब गेला की कळतं, गॅस विझला की कळतं, नवऱ्याचं डोकं फिरलं की दोन खोल्यांपलीकडून कळतं! आणि हा सायकलचा मागचा दिवा... तो गेला की सगळ्या जगाला कळतं, फक्त जिचा जीव त्याच्यावर आहे तिला सोडून! चालवताना मान वळवून बघावं तर सायकल चरात. उतरून बघावं, तर तेवढ्यापुरता शहाण्यासारखा लागतो मेला! मागचं आपल्याला थोडंच दिसतं?

तुम्हाला सांगते, मी भित्री बाई नाही हं. माझं कामच लोकांना टोचायचं. लॅबमध्ये आहे मी, घरोघरी जाऊन रक्त घेते. उपाशीपोटीचं रक्त, म्हणजे लोकांच्या चहाच्या आत पोचायला हवं, म्हणजे पहिलं घर पावणेसहाला, दुसरं सव्वासहाला. हँडलला थंडपेटी, पेटीत नळ्या, जांभळ्या टोपणाच्या, लाल टोपणाच्या, आणि मी निघाले पायडल मारत. बावीस वर्षं! पैलवानासारखी माणसं माझ्यापुढे डोळे मिटून बसतात, एकाने तर माझ्या पदराचं टोक धरून ठेवलं होतं, आणि मी आपली ठसक्यात म्हणते, "मूठ आवळा, तिकडे खिडकीकडे बघा, मुंगी चावल्यासारखं होईल, घाबरायचं काय त्यात?" आता हे वाक्य बोलताना जीभ चाचरते हो माझी. कारण घाबरायचं काय असतं, ते मला कळलंय.

थंडीचे दिवस. सकाळ म्हणायची ती फक्त घड्याळात, बाहेर सगळा काळोख. दोन घरं उरकून पूल ओलांडला. पुलापलीकडे काय आहे, तर कारखान्याची भिंत. एका बाजूला भिंत, एका बाजूला चर, मध्ये रस्ता. विजेचे खांब आहेत, खांबांवर दिवे नाहीत. मी चाललेय मजेत. आणि मागून घरघर आली. मोठं काहीतरी. मला वाटलं, येऊ दे, आपला लाल दिवा आहे ना मागे, दिसेल त्याला. एवढ्यात त्याचा उजेड माझ्यावर पडला आणि माझीच सावली माझ्यापुढे पसरली, ही अशी, ताडाएवढी. आणि मग... मग ती सावली आखूड व्हायला लागली. भराभर. ताडाची माणसाएवढी झाली, माणसाची पोराएवढी... आणि घरघर काही कमी होईना! मी ओरडले का? नाही हो. ओरडायला वेळ लागतो, तेवढा होता कुठे? हॉर्न, ब्रेकची किंचाळी, गरम वाऱ्याचा एक धक्का... आणि मी चरात. अंगावर सायकल आणि छातीशी थंडपेटी. पहिला विचार कोणता आला असेल? मुलीचा? नवऱ्याचा? देवाचा? नळ्या फुटल्या का!

वर बघते तर दुधाचा टँकर आडवा. चालक खाली उतरला. हा आडदांड माणूस, या मिशा, आणि आवाज मांजराच्या पिल्लाचा! "ताई... ताई, आहात का?"

"आहे," म्हटलं.

"दिसलाच नाहीत हो! दिवा बंद आहे तुमचा! मला वाटलं, रस्ता मोकळाय... अगदी शेवटी तुमची टाच चमकली..." आणि तो मटकन रस्त्यातच बसला. मी चरातून वर आले, गुडघा फुटलेला, आणि सवयीनं त्याचं मनगट धरलं. नाडी एकशेतीस! मी मरता मरता वाचले आणि मीच त्याला सांगतेय, "खोल श्वास घ्या, तिकडे भिंतीकडे बघा." तो म्हणाला, "माझ्या हातून आज..." रडायला लागला. मग मीही त्याच्या शेजारी बसून रडले. आता त्याला काय बोलणार? चूक माझी. पण मला तरी कसं कळणार? मागचं आपल्याला थोडंच दिसतं?

घरी आले, सगळं सांगितलं. नवरा पांढराफटक. मला पाणी दिलं, गुडघ्याला औषध लावलं, आणि हळूच म्हणतो, "अगं, तो दिवा ना? पंधरा दिवस झाले असतील बंद होऊन. मला वाटलं, तूच बंद ठेवतेस, सेल वाचवायला!"

पंधरा दिवस!! म्हणजे पंधरा सकाळी मी त्या भिंतीच्या कडेने, गुणगुणत, अंधारात अंधार होऊन गेलेय! त्या पंधरा दिवसांचं सगळं घाबरणं राहून गेलं होतं ना, ते मी एका बैठकीत उरकलं. "अहो, तुम्ही रोज दारात उभं राहून हात करता, तेव्हा काय बघत होतात?" तर म्हणतो, "तुझ्याकडे." आता यावर भांडायचं तरी कसं?

मग गेले सायकलच्या दुकानात. म्हटलं, भरवशाचा दिवा दाखवा. दुकानदार अगदी गोड. "मॅडम, हा बघा, सात प्रकारे लुकलुकतो!" म्हटलं, मला लुकलुकायचं नाहीये, मला जिवंत राहायचंय, एकाच प्रकारे लागणारा द्या. "मग हा घ्या, चार्जिंगचा. चार्जिंग संपत आलं की यात इशाऱ्याची बारीक लाल लाइट लागते." म्हणजे बघा हं, लाल दिव्याच्या पोटात लाल दिवा, तोही माझ्या पाठीमागे! तो इशारा मला कुणी द्यायचा? टँकरवाल्यानं खाली उतरून? "मॅडम, तुम्ही फार विचार करता." म्हटलं, तुम्ही चरात पडून बघा, तुम्हालाही सुचतील विचार.

शेवटी रबराच्या पट्ट्याने बसवायचा एक घेतला. तिसऱ्या दिवशी एका गतिरोधकावर सायकल उडाली. पुढच्या घरी पोचून बघते तर पट्टा आहे, दिवा नाही! परतताना दिसला, रस्त्याच्या मधोमध उताणा पडून आभाळाकडे बघत इमानेइतबारे जळत होता! म्हणजे तितका वेळ सायकलला दिवा नाही आणि दिव्याला सायकल नाही!

मग नवऱ्याने मनावर घेतलं. चार रात्री मोबाईलमध्ये डोकं घालून लोकांची मतं वाचली आणि एक दिवा मागवला, म्हणे यंत्र आहे यंत्र. आधी बादलीत बुडवला, टिकला. जिन्यावरून टाकला, टिकला. पण हा यंत्रमहाराज हलला नाही की आपोआप झोपी जायचा! आणि हलवलं की जागा! आता चालत्या सायकलवर तो जागा आहे की झोपलाय, हे कोण बघणार? नवरा म्हणाला, "मी बघतो!" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला सांगते, पुढे मी सायकलवर आणि मागे हा स्लीपर घालून धावतोय, दर चार पावलांना ओरडतोय, "आहे!... आहे!... आहे!..." कुत्री उठली, दारं उघडली. आणि एकदम आवाज बंद. दिवा गेला की हा गेला? करकचून ब्रेक लावला, वळून बघते तर दिवा लखलखतोय, आणि नवरा खांबाला धरून धापा टाकतोय! वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी! दिव्यापायी नवरा घालवायची वेळ! दुसऱ्या दिवसापासून बंद केलं ते. मग परत मी एकटी आणि ती भिंत. मागून साधी रिक्षा आली तरी मी सायकल थेट चरात उतरवायची. मागचं आपल्याला थोडंच दिसतं?

आणि मग ते झालं, जे बावीस वर्षांत झालं नव्हतं. माझी सुई चुकली. एक आजोबा आहेत चौऱ्याऐंशी वर्षांचे, दर महिन्याला रक्त असतं त्यांचं. शीर अशी वर, दोरीसारखी, आणि सुई भलतीकडेच. दोनदा टोचलं. तिसऱ्यांदा हात पुढे केला तर त्यांनीच माझं मनगट धरलं. "काय झालं, मुली?"

सगळं सांगितलं मी. ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "मी मालगाडीचा गार्ड होतो. छत्तीस वर्षं शेवटच्या डब्यात बसलो. एखाद्या ठिकाणी गाडी थांबली की मनात एकच, मागून दुसरी तर येत नाही ना."

"मग भीती नाही वाटायची?"

"वाटायची की. रोज."

"मग करायचात काय?"

"एका दिव्यावर विसंबायचं नाही. दोन लावायचे, आणि तेही वेगळ्या जातीचे, एकाच दुखण्यानं दोघं जायला नकोत. शिवाय एक लाल चकती, दोन्ही विझले तरी दुसऱ्याच्या उजेडात चमकणारी. आणि स्टेशनात एक माणूस उभा असायचा. गाडी गेली की शेवटचा दिवा बघून तो हात करायचा. आपला दिवा दुसऱ्यानंच बघायचा असतो."

"आणि मग भीती जाते?"

"कशाला घालवतेस? तिच्यामुळे तर वाकून दिवा बघशील रोज." आणि दंड पुढे केला. "घे आता. खिडकीकडे बघतो मी."

एका टोचण्यात मिळालं रक्त.

त्याच दिवशी दुकानात गेले. एक दिवा चाकातल्या डायनॅमोवरचा, नटबोल्टने कॅरिअरला आवळून. चाक फिरलं की लागणार, थांबलं तरी चार मिनिटं तग धरणार. सेलची भानगडच नाही! दुसरा सेलवरचा, सीटच्या खाली. खाली मडगार्डवर लाल चकती. दुकानदार म्हणाला, "मॅडम, सायकल आहे, विमान नाही." बोलू दे. आणि बघणारं माणूस? पुलाच्या तोंडाशी एक पेपरवाली बसते गठ्ठे सोडत. तिला गाठलं. आता मी पुढे गेले की ती मागून खणखणीत ओरडते, "दोन्हीऽऽ!" ते ऐकल्याशिवाय मी त्या भिंतीकडे जात नाही.

आठ दिवस कसे छान गेले! भीती होती, पण आता ती मला चरात उतरवत नव्हती. आणि नवव्या दिवशी भिंतीजवळ मागून आवाज. घरघर नाही. साखळीची किरकिर... आणि श्वास. माणसांचे. एकाचे नाही, चारपाच जणांचे! जोरात पाय मारले, किरकिरही जोरात. हळू झाले, तेही हळू. आता थंडपेटीत सुया आहेत माझ्या, म्हटलं आलाच कुणी अंगावर तर... थांबले. वळले. "कोण आहे रे?"

अंधारातून पाच सायकली. गिरणीतले दोघे, माळीकाम करणारा, एक आचारी, आणि पाळी संपवून घरी चाललेला पहारेकरी. पाचातल्या एकालाही दिवा नाही!

"चालू द्या ताई," आचारी म्हणतो, "तुमच्यामागे बरं वाटतं. उजेड दिसतो."

"आणि तुमचे दिवे?"

"कधी गेले काय माहीत, ताई. मागचं आपल्याला थोडंच दिसतं?"

आता यांना काय सांगायचं! माझ्या दोन जातींच्या दोन दिव्यांपुढे हे पाच धटिंगण पडद्यासारखे! मागून येणाऱ्याला दिसणार काय, तर पहारेकऱ्याची काळी पाठ! म्हणजे एवढं करून मी परत अंधारातच! मग उपाय एकच. त्यांना पुढे घातलं आणि मी शेवटी. आणि शेवटून दुसरा कोण, तर पहारेकरी, अर्धा झोपेत, पायडल मारतो म्हणजे उपकार करतो. त्याच्यामागून त्याच्या चालीनं मी. तिकडे पेशंट उपाशीपोटी दारात उभे राहून माझ्या नावानं बोटं मोडतायत. परवा तर मी स्वतः एक दिवा नेला त्याच्यासाठी, डबीतून काढून हातात ठेवला, म्हटलं, दादा, हा लावा. त्यानं उलटासुलटा करून बघितला, कौतुक केलं आणि परत दिला.

म्हणतो, "मला कशाला, ताई? तुम्ही आहात ना मागे!"

...आहे. आता जाते कुठे!