तिकडं गेलेलं

(सिंदी रेल्वे. गजेंद्रचं इंटरनेटचं दुकान. साल २००५. दिवस बुडायला आलेला.)

अनुसयाबाई : पुसलं म्हणतो नं तू? मंग तोंड काऊन असं करून राह्यला?

गजेंद्र : काकू, बसा पह्यले.

अनुसयाबाई : बसाले नाई आली मी. माह्यं नाव कुठं हाय ते दाखव.

गजेंद्र : आता नाई दिसत. पोलिस झाकून राह्यले म्हणून मी इंटरनेटवर आपल्या गावच्या पानावर लिहिलं, तानबाचा जीव कोणं घेतला ते. तुमी पाह्यलं म्हणून तुमचं नावही घाईत तसंच गेलं. लक्षात आल्याबरोबर काढलं.

अनुसयाबाई : हात जोडून सांगतलं होतं तुले. पोलिसाले नाई सांगतलं म्या, तुले सांगतलं. आपला माणूस म्हणून.

गजेंद्र : हो.

अनुसयाबाई : बरं. पुसलं नं? झालं मंग.

गजेंद्र : नाई झालं. गावची पोरं बाहेर राह्यतात नं, त्यायनं फीड लावून ठेवली आहे. मी इथं लिहिलं का त्यायच्या कॉम्प्युटरवर आपोआप जाऊन पडते. इथून काढलं तरी तिकडं गेलेलं राह्यते.

अनुसयाबाई : तिकडचं बी पुस.

गजेंद्र : माझ्या हातात नाई ते.

अनुसयाबाई : कोणाले जाते?

गजेंद्र : आपल्याच पोरायले.

अनुसयाबाई : मंग भेव कायचं? गजू, इकडं पाह्य.

गजेंद्र : प्रभाकररावाच्या पोराले, अंकितलेही जाते.

अनुसयाबाई : ज्याच्या भावानं तानबाले मारलं, तो अंकित?

गजेंद्र : दिवाळीत आलता दुकानात. पुण्यात गावची याद येते म्हणे. मीच लावून देल्ली त्याले. चांगला बोलला काकू. चहा पाजला मले.

अनुसयाबाई : चहा पाजला.

गजेंद्र : वाचलं नसन त्यानं, कदाचित.

अनुसयाबाई : कवा लिवलं तू?

गजेंद्र : सकाळी.

अनुसयाबाई : त्या दिवशी तुरीत लपून होती मी. खोकला येऊन राह्यलता, तं तोंडात पदर कोंबला. मले तिथं कोणी नाई पाह्यलं, गजू. तूनं दाखवलं.

गजेंद्र : चुकलं माझं. लय चुकलं. तुमी आज गावात जाऊ नका. पवनारले बहिणीकडे सोडून देतो तुमाले.

अनुसयाबाई : अन् काजल? पोरगी एकली हाय घरी.

गजेंद्र : तिले आणाले मी आत्ताच निघतो गाडीवर. तवरक फोन करून ठेवू, दार लावून बस म्हणून. नंबर सांगा.

अनुसयाबाई : नंबर पाठ हाय मले. गावात फोन एकच हाय, प्रभाकररावाच्या घरी. फोन आला का तेच घरी बोलावून घेतेत तिले.