अंगात ताप आणि गाडी फेराराची

...आणि सगळे मलाच बोलतात हो! धाकटी बहीण बोलते, शेजारीण बोलते, परवा तर न्हावीसुद्धा कात्री थांबवून म्हणाला, "एर्मेस, आईशी असं वागलास?" अरे, काय वागलो? तुम्हीच सांगा, एका रविवारचा तर प्रश्न होता!

आमच्या बोलोन्यात रविवारी दुपारी माणूस कुठे असतो? आईच्या टेबलावर. लग्नाला बावीस वर्षं झाली, बावीस वर्षं मी दर रविवारी बायकोला घेऊन आईकडे तोर्तेलिनी खातोय. करंगळीला गुंडाळून वळलेल्या त्या इवल्याशा करंज्या, आत मांस, वरून गरम सूप... आई शनिवारी दिवसभर एकेक वळत बसते, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, चष्मा नाकावर घसरलेला... बघा, बोलतानाच कसंतरी होतं मला. तर आमची ओर्नेला, म्हणजे बायको, शुक्रवारी म्हणाली, "एक रविवार आपण दोघंच गाडीने कुठेतरी जाऊ. सकाळी निघू, संध्याकाळी परत." मी म्हटलं, बरं.

बरं म्हटलं खरं, पण जायचं कुठे? स्टेशनातून चारी दिशांना गाड्या सुटतात, आणि तुम्हाला सांगतो, चारी दिशांना माझे नातेवाईक बसलेत! मोदेनाला मावशी. तिच्याकडे गेलो नाही तर ती आईला फोन करणार, गेलो तर मला समोर बसवून करणार. पार्माला दोन आत्या, एकमेकींशी बोलत नाहीत, पण आईशी दोघी बोलतात. रिमिनीला समुद्र, पण तिथे आमची अख्खी गल्ली ऊन खात पालथी पडलेली असते. फ्लॉरेन्स म्हटलं तर ओर्नेला म्हणे, रांगेत उभं राहायला जायचंय का? राहता राहिलं फेरारा. जेमतेम पाऊण तास, आणि तिथे आम्हाला काळं कुत्रं ओळखत नाही.

रविवारी सकाळी फोन लावला. "आई, ताप आलाय." खोकूनसुद्धा दाखवलं. आणि गाडीत जाऊन बसलो. एका रविवारचा तर प्रश्न होता!

वीस मिनिटं झाली नाहीत तोच आईचा फोन. किती आहे ताप? मी आवाज खोल नेऊन म्हटलं, अडतीस. काय करतोयस? म्हटलं, पडलोय. आणि तेव्हाच, नेमकं तेव्हाच हो, गाडीच्या कर्ण्यातली ती बाई खणखणीत आवाजात सांगते, पुढचं स्टेशन सान पिएत्रो इन काझाले! हे आईचं माहेर! आई हळूच म्हणाली, "खिडकी लावून घे. तिथे वारं फार असतं." आणि फोन ठेवला.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी ओर्नेलाला म्हटलं, उतरू, परत जाऊ. ती म्हणाली, "आणि काय सांगणार, ताप उतरला?"

फेरारात काय पाहिलं विचारू नका. किल्ला होता म्हणे. मला जिथे तिथे आईचं टेबल दिसत होतं, आणि आई एकटी. जेवायला बसलो, घास उतरेना... मग उतरला. मग दुसराही उतरला. भोपळा भरलेल्या त्यांच्या त्या मोठ्या करंज्या, वर वितळलेलं लोणी... शेवटी पावाच्या तुकड्याने ताट पुसून घेतलं मी. लाज वाटली हो, खूप लाज वाटली, पण पुसलं. एका रविवारचा तर प्रश्न होता ना?

संध्याकाळी स्टेशनावरून तडक आईकडे. टेबलावर फडक्याखाली तोर्तेलिनी तशाच, रांगेत मांडलेल्या. एकही उकळली नव्हती. मी म्हटलं, "आई, चुकलो."

"चुकलास. काय खाल्लंस?"

तापाबद्दल खोटं बोलता येतं हो, जेवणाबद्दल आमच्याकडे आईशी खोटं बोलवत नाही. "भोपळ्याच्या करंज्या."

"कशा होत्या?"

इथे! इथे मी "भिकार" म्हणायला हवं होतं. एवढा एक शब्द! आणि मी काय केलं? विचार केला. अर्धाच क्षण, पण केला... आणि म्हटलं, "बऱ्या होत्या." आईने नुसती मान हलवली.

त्याला आता आठ महिने झाले. दर रविवारी आई ओर्नेलाला तोर्तेलिनी वाढते, बहीण आली की तिलाही तोर्तेलिनी वाढते, आणि माझ्यासाठी वेगळं पातेलं चढवते, त्यात भोपळा. तिच्या हाताला सवय नाही, पीठ कच्चं राहतं, भोपळा फुटून पाण्यात पसरतो. मग समोर बसते, हनुवटीला हात लावून, आणि विचारते, "तिथल्यासारख्या झाल्यात?" शेजारच्या ताटातल्या सुपाचा वास नाकात शिरतोय... आणि मी म्हणतो, "त्याहून छान, आई. अजून दोन वाढ."